स्मार्टफोनची स्क्रीन, लिहिण्याच्या पद्धती आणि बॅटरी : खान्देशातील वापरकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत फोन पंख्याखाली बसून जितका वापरला जातो, तितकाच तो शेताच्या बांधावर, बाजार समितीच्या ओट्यावर आणि एसटीच्या खिडकीशीही वापरला जातो. त्यामुळे बॅटरी वाचवण्याचे पुण्या-मुंबईत चालणारे सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडतातच असे नाही. पुढील उत्तरे स्क्रीनचा प्रकार आणि लिहिण्याची पद्धत या दोन गोष्टींपुरती आहेत.

बॅटरी सर्वांत जास्त कशाने उतरते?

बहुतेकांच्या रोजच्या वापरात पेटलेली स्क्रीन हा सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो. मोबाइल नेटवर्क, जीपीएस, कॅमेरा आणि गेम यांचा क्रम त्या त्या वेळच्या वापरानुसार वर-खाली होतो. स्क्रीनचा खर्च तीन गोष्टींवर ठरतो : ती किती वेळ पेटलेली आहे, किती प्रखर पेटलेली आहे आणि ती कोणत्या प्रकारची आहे. बोटाने टाइप करणे, बोलून लिहिणे किंवा पेनने लिहिणे यांचा स्वतःचा वीजखर्च त्या मानाने थोडा असतो. परंतु कोणती पद्धत स्क्रीनला किती वेळ जागे ठेवते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. लिहिण्याच्या पद्धतीचा विचार करायचा तो या अंगाने.

माझ्या फोनची स्क्रीन एलसीडी आहे की अ‍ॅमोलेड, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

रात्री खोलीतला दिवा बंद करावा, फोनमध्ये पूर्ण काळे चित्र उघडावे, ते स्क्रीनभर पसरवावे आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवावा. स्क्रीनवर राखाडी, धुरकट उजेड दिसला, विशेषतः कडांना तो जास्त जाणवला, तर स्क्रीन एलसीडी आहे. फोन बंद पडला की काय असे वाटण्याइतका मिट्ट काळोख दिसला, तर ती ओलेड वर्गातील आहे. अ‍ॅमोलेड हा त्याच वर्गातील प्रकार होय. खोक्यावर आयपीएस किंवा टीएफटी असे छापलेले असल्यास साधारणपणे एलसीडी समजावी. बोटाचा ठसा स्क्रीनवरच उमटवायची सोय असलेले फोन बहुतेक ओलेडचेच असतात.

या दोन प्रकारांत वीज खर्च होण्यात नेमका काय फरक आहे?

एलसीडीमध्ये चित्राच्या मागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिकांचे थर तो उजेड कोठे अडवायचा व कोठे सोडायचा एवढेच काम करतात. ट्यूबलाइट चालू ठेवून खिडकीची झडप लावली म्हणून वीजबिल कमी होत नाही, तसाच हा प्रकार आहे : चित्र काळे असो वा पांढरे, मागचा दिवा जळतोच. शिवाय ध्रुवण करणारे पापुद्रे आणि रंगांच्या गाळण्या त्या उजेडाचा मोठा भाग गिळतात आणि साधारण पाच ते दहा टक्केच उजेड डोळ्यापर्यंत पोहोचतो. काही फोन गडद चित्र आले की मागचा दिवा थोडा मंद करतात. त्याने होणारी बचत माफक असते.

ओलेडमध्ये मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो आणि काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. म्हणून येथे चित्रात काय आहे यावर खर्च ठरतो. पांढऱ्या रंगासाठी लाल, हिरवा व निळा असे तिन्ही उपठिपके पेटवावे लागतात, म्हणून तो सर्वांत महाग पडतो. एकेकट्या रंगांत निळ्याची कार्यक्षमता सर्वांत कमी आहे. याचा एक परिणाम अनेकांना अनपेक्षित वाटतो : सातबारा, पीक कर्जाचा अर्ज किंवा शाळेची प्रश्नपत्रिका असा पांढराशुभ्र कागद तासभर पूर्ण प्रखरतेने वाचायचा असेल, तर ओलेड स्क्रीन चांगल्या एलसीडीपेक्षा जास्तही वीज घेऊ शकते. 'अ‍ॅमोलेड म्हणजे बॅटरीची बचत' हे दुकानातले वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे.

डार्क मोड लावल्याने खरोखर फरक पडतो का?

एलसीडीवर जवळजवळ काहीच पडत नाही. ओलेडवर पडतो, पण तोही ब्राइटनेस किती ठेवला आहे त्यावर. गुगलने २०१८ मध्ये नकाशाच्या अ‍ॅपचे जे आकडे दाखवले, त्यांत पूर्ण ब्राइटनेसला पहिल्या पिक्सेल फोनची ओलेड स्क्रीन नेहमीच्या रंगांत २५० मिलीअँपिअर आणि रात्रीच्या गडद रंगांत ९२ मिलीअँपिअर प्रवाह घेत होती, तर एलसीडी असलेला आयफोन दोन्ही वेळा २३० मिलीअँपिअरच घेत होता. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड फोनवर अनेक अ‍ॅप तपासले. त्यात पूर्ण ब्राइटनेसला सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत आढळली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला ती अवघी ३ ते ९ टक्के निघाली.

या आकड्यांचा अर्थ आपल्या वापराला लावून पाहावा. घरात संध्याकाळी ब्राइटनेस आधीच कमी असतो, तेव्हा डार्क मोड बॅटरीसाठी लावावा असे काही नाही. डोळ्यांना बरे वाटत असेल तर जरूर लावावा. तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो भर उन्हात, जेव्हा ब्राइटनेस शेवटाला टेकलेला असतो. अडचण एवढीच की उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरे वाचताना डोळे ताणावे लागतात आणि काचेत आपलाच चेहरा दिसतो. त्यामुळे उन्हात वाचायचे काम असेल तर साधा मोड ठेवून काम लवकर उरकावे, आणि नकाशा लावून गाडी चालवण्यासारखे लांबलचक काम असेल तर गडद रंग ठेवावेत, असे आमचे मत आहे.

शेतात फोन बाहेर काढला की बॅटरी धडाधड का उतरते?

लक्स हे उजेड मोजण्याचे एकक; दुपारच्या स्वच्छ उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो, तर घरातल्या खोलीत तो काही शे लक्स भरतो. या उन्हाशी स्पर्धा करण्यासाठी फोन जमेल तेवढा जोर लावतो. ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्यावे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः पिकाचा फोटो काढून नोंद करायची पद्धत सुरू झाली. कपाशीच्या सरीत उभे राहून हे काम करताना जीपीएस जागा शोधत असते, कॅमेरा उघडा असतो, मोबाइल डेटा अर्धी कांडी नेटवर्कवर धापा टाकत असतो आणि भादव्याच्या उन्हात काही दिसेना म्हणून ब्राइटनेसची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली असते. चार मोठे खर्च एकाच वेळी चालू असल्यावर दहा मिनिटांत टक्के खाली आले, तर त्यात बॅटरीचा दोष नाही.

यावर उपाय साधे आहेत. स्वयंचलित ब्राइटनेस चालू ठेवावा. कारण बऱ्याच ओलेड फोनमध्ये उन्हासाठी राखून ठेवलेली जास्तीची प्रखरता तो चालू असतानाच मिळते आणि सावलीत आल्यावर ती आपोआप उतरते. हाताने शेवटाला नेलेली पट्टी मात्र माणूस खाली आणायला विसरतो आणि रात्री जेवणानंतर व्हिडिओ पाहतानाही ती तशीच राहते. माहिती भरायची ती निंबाच्या सावलीत भरून घ्यावी व उन्हात फक्त फोटो काढावा. पाठ सूर्याकडे करून स्वतःच्या सावलीत स्क्रीन धरली तरी दोन-तीन पायऱ्या कमी ब्राइटनेसवर भागते. काचेवर लावलेली जाड किंवा शेजाऱ्याला दिसू नये म्हणून घेतलेली गडद प्रायव्हसी काच उजेड अडवते आणि त्याची भरपाई बॅटरीतून होते. शेतकऱ्याने ती काच न घेतलेलीच बरी.

ब्राइटनेसच्या पट्टीबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्यावी. डोळ्याला 'अर्धा' वाटणारा उजेड प्रत्यक्षात अर्ध्यापेक्षा पुष्कळ कमी असतो आणि त्याला लागणारी वीजही तशीच कमी असते. अँड्रॉइडने २०१८ मधील नवव्या आवृत्तीपासून ही पट्टी डोळ्याच्या या स्वभावानुसार आखली आहे. पट्टीच्या शेवटच्या भागातून थोडे मागे येणे म्हणूनच सर्वांत फायद्याचे ठरते.

मे महिन्यात स्क्रीन आपोआप मंद होते. हा बिघाड आहे का?

नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उन्हात धरलेला फोन त्याहूनही तापतो आणि आतील भाग वाचवण्यासाठी फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंग रोखतो किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवतो. अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी वापराचे योग्य तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असे सांगितले आहे. म्हणजे खान्देशातला सबंध उन्हाळा या मर्यादेबाहेरचा आहे. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने कायमची घटते आणि ती नंतर कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून, चार्जर जोडून, नकाशा पूर्ण उजेडात ठेवून चोपड्याहून धुळ्याला दुपारी जाणे, हा बॅटरी म्हातारी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नये. आत ओल धरते. कव्हर काढून सावलीत ठेवल्यास तो निवतो.

१२० हर्ट्झची स्क्रीन घ्यावी का? तिने किती बॅटरी जाते?

हर्ट्झचा आकडा म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने काढते तो दर. ६० ऐवजी १२० वेळा चित्र काढायचे तर स्क्रीनच्या मंडलाला आणि ग्राफिक्सच्या भागाला जास्त काम पडते. फोनवर नेमका किती फरक पडेल हे स्क्रीनच्या बनावटीवर ठरते. एलटीपीओ नावाच्या महागड्या ओलेड स्क्रीनमध्ये हा दर गरजेनुसार खाली येतो. २०२२ च्या आयफोन १४ प्रोमध्ये तो स्थिर चित्राला १ हर्ट्झपर्यंत उतरतो. मध्यम किमतीच्या फोनमध्ये तो साधारणपणे काही ठरावीक टप्प्यांवरच बदलतो आणि बोट लागताच वर जातो. म्हणून रील एकामागून एक सरकवत बसणाऱ्याला १२० हर्ट्झ महाग पडते, तर एखादी पोथी किंवा बातमी स्थिर वाचणाऱ्याला त्याची झळ कमी लागते. ज्याला दिवसातून एकदाच चार्जिंगची संधी मिळते, त्याने ६० हर्ट्झ निवडावे. दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते.

ऑलवेज ऑन डिस्प्ले, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही वेळ दाखवत राहणारा पर्याय, ठेवावा का?

ओलेडवर काळ्या पार्श्वभूमीवर घड्याळाचे थोडेच ठिपके पेटतात, म्हणून तो परवडतो. तरी दिवसभरात काही टक्के घेतोच. दर दहा मिनिटांनी वेळ पाहण्यासाठी पूर्ण स्क्रीन पेटवणाऱ्या माणसाला तो फायद्याचाही ठरू शकतो. हातात घड्याळ असेल तर बंद ठेवावा.

स्क्रीन फुटली म्हणून बदलली आणि तेव्हापासून बॅटरी टिकत नाही. असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या प्रश्नाकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. मूळ अ‍ॅमोलेड स्क्रीन महाग असते, म्हणून अनेक मॉडेलसाठी बाजारात एलसीडी जातीची स्वस्त पर्यायी स्क्रीन मिळते. तिला दुकानदार टीएफटी, इनसेल किंवा नुसते 'कॉपी' म्हणतात. ती बसवली की मागे दिवा आला, डार्क मोडची बचत गेली, काळा रंग राखाडी झाला आणि स्क्रीनखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर बहुधा बंद पडला. उजेड मूळ स्क्रीनपेक्षा कमी असल्यास ब्राइटनेस नेहमीच वर ठेवावा लागतो, हा आणखी एक तोटा. जळगावच्या गोलाणी मार्केटात दुरुस्ती करून घ्यावी किंवा गावच्या बसस्टँडवरच्या टपरीत, आधी 'अ‍ॅमोलेड टाकणार की टीएफटी' असे स्पष्ट विचारावे, बिलावर तसे लिहून घ्यावे आणि फोन हातात आल्यावर वर सांगितलेली काळ्या चित्राची कसोटी तिथेच, दोन्ही तळहातांनी अंधार करून पाहावी. स्वस्त स्क्रीन घेण्यात गैर काही नाही. ती माहीत करून घ्यावी एवढेच.

टाइप करण्यापेक्षा बोलून लिहिले तर बॅटरी वाचते का?

मजकूर लांब असेल तर साधारणपणे वाचते. गुगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी ऑगस्ट २०१७ मध्ये आली आणि तेव्हापासून हा पर्याय सर्वसामान्यांच्या हाती आहे. बोलताना मायक्रोफोन, प्रोसेसर आणि बहुतेक वेळा इंटरनेट ही तिन्ही कामाला लागतात, म्हणून दर मिनिटाचा खर्च टायपिंगपेक्षा जास्त असतो. पण मिनिटे कमी लागतात. एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, शंभर शब्दांचा निरोप टाइप करायला पाच मिनिटे लागतात आणि त्या वेळी फोन एकूण ३०० मिलीअँपिअर प्रवाह घेतो. तेव्हा खर्च २५ मिलीअँपिअर-अवर झाला. तोच निरोप बोलून सांगायला एक मिनिट लागले आणि प्रवाह दुप्पट, म्हणजे ६०० मिलीअँपिअर धरला, तरी खर्च १० भरतो. त्यानंतर चुका दुरुस्त करायला एक मिनिट गेले तर आणखी ५. म्हणजे १५ विरुद्ध २५. ५००० च्या बॅटरीत हा फरक एका निरोपाला नगण्य आहे. ज्याला दिवसभर व्यापाऱ्यांना भाव आणि गाडीचे निरोप पाठवायचे असतात, त्याच्यासाठी तो जमत जातो.

हिशेब उलटतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याकडचा सातपुड्याचा भाग, जेथे नेटवर्क पकडण्यासाठीच फोनला जास्त शक्ती लावावी लागते. तेथे आवाज सर्व्हरपर्यंत जायला वेळ लागतो, मध्येच तुटतो आणि तेच वाक्य तीनदा बोलावे लागते. दुसरे ठिकाण म्हणजे 'हो', 'पोहोचलो', 'उद्या या' असले छोटे निरोप, जे बोटाने क्षणात होतात.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. बोलून लिहिताना ते चालते का?

भाषा मराठी निवडलेली असताना अहिराणी बोलल्यास यंत्र जवळचे मराठी शब्द उमटवते आणि 'काय करी ऱ्हायना' सारख्या साध्या प्रश्नाचेही भलतेच काही होऊन बसते. मग प्रत्येक शब्दावर बोट ठेवून दुरुस्ती करत बसावे लागते आणि स्क्रीन जेवढा वेळ वाचवायची, त्याहून जास्त वेळ पेटलेली राहते. अहिराणीत निरोप द्यायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ आवाजच ध्वनिमुद्रित करून पाठवावा. त्यात शब्द ओळखण्याची भानगड नाही, आणि ऐकणाऱ्यालाही घरच्या बोलीत निरोप मिळतो.

देवनागरीचा कोणता कीबोर्ड कमी बॅटरी घेतो?

कीबोर्डांच्या स्वतःच्या वीजखर्चात लक्षात येण्याजोगा फरक नसतो. इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची प्रमाण मांडणी), रोमन अक्षरांतून मराठी, किंवा आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र, यांपैकी ज्यावर आपला हात बसला आहे तोच स्वस्त.

कीबोर्डचे कंपन बंद केले तर बॅटरी खूप वाचते असे ऐकले. खरे आहे का?

हा सल्ला फार मिळतो आणि फारसा उपयोगाचा नाही. दर अक्षराला मोटर सुमारे २० मिलीसेकंद फिरते असे धरले, तर हजार कळा दाबल्यावर ती एकूण २० सेकंद फिरली. त्या वेळी ती १०० मिलीअँपिअर घेते असे मानले तरी खर्च अर्ध्या मिलीअँपिअर-अवरच्या आसपास येतो. ५००० च्या बॅटरीत तो शोधूनही सापडणार नाही. कंपन आवडत नसेल तर बंद करावे. बॅटरीसाठी ब्राइटनेसकडे वळावे.

हात ओले किंवा चिकट असताना स्क्रीन वेडीवाकडी चालते. त्याचा बॅटरीशी संबंध आहे का?

अप्रत्यक्ष आहे. आजच्या स्क्रीन बोटामुळे विद्युतधारितेत (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत) होणारा सूक्ष्म बदल मोजतात. घामाचा किंवा पावसाचा थेंबही तसाच बदल घडवतो, म्हणून नको ती बटणे दाबली जातात. रावेर-यावलकडे केळीची घड कापणी चालू असताना बोटांवर चीक असतो. तो स्क्रीनवर लागला की बोट अडखळते, पासवर्ड दोनदा चुकतो आणि अर्ध्या मिनिटाचे काम तीन मिनिटांवर जाते. किंचित ओलसर सुती फडक्याने काच पुसून घ्यावी. अशा वेळी फोन घ्यायचा-ठेवायचा असेल तर बाजूचे बटण आणि बोलून आज्ञा देणे सोयीचे. स्पर्शाची संवेदनशीलता वाढवणारा, हातमोजे घालून वापरण्यासाठीचा पर्याय मात्र उगाच चालू ठेवू नये; त्यामुळे खिशातल्या खिशात स्क्रीन जागी होण्याची शक्यता वाढते. उचलताच स्क्रीन पेटणे आणि दोनदा टिचकी मारून जागे करणे हे पर्यायही मोटारसायकलवर फिरणाऱ्याने बंद ठेवावेत.

पेनने लिहिल्यास जास्त बॅटरी लागते का?

बाजारात मिळणारा रबरी टोकाचा साधा पेन स्क्रीनला बोटासारखाच वाटतो. त्याचा वेगळा खर्च नाही. सॅमसंगच्या एस पेनसारख्या पेनसाठी काचेखाली वेगळा संवेदक थर असतो आणि तो थोडी वीज घेतो. २०१८ च्या गॅलेक्सी नोट ९ फोनच्या एस पेनमध्ये ब्लूटूथही आले.

मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जायचे आहे. स्मार्टफोन न्यावा की कीपॅडचा फोन?

महिनाभराच्या वाटचालीत चार्जिंगची खात्री नसते, म्हणून कीपॅडचा फोन सोबत असावाच. त्याची स्क्रीन लहान असते आणि बहुतेक वेळ बंद असते. उदाहरणच द्यायचे तर २०१७ च्या जिओफोनची स्क्रीन २.४ इंचांची आणि बॅटरी २००० मिलीअँपिअर-अवरची होती, ६.६ इंची स्मार्टफोनच्या स्क्रीनचे क्षेत्रफळ तिच्या जवळपास सहापट भरते. शिवाय कीपॅडवर नंबर न बघताही लावता येतो. रात्रीची वीज आल्यावर विहिरीवरची मोटर मोबाइल स्टार्टरला फोन लावून सुरू करणाऱ्या शेतकऱ्यालाही एवढा फोन पुरतो. स्मार्टफोन न्यायचाच असेल तर तो विमान मोडवर ठेवून फोटोपुरता काढावा.

स्क्रीन बंद असते, तरीही रात्रीतून वीस टक्के उतरतात. मग स्क्रीनचा दोष कसा?

तो स्क्रीनचा दोष नाहीच. सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर कोणत्या अ‍ॅपने किती वीज घेतली ते दिसते. ते सकाळी उठल्यावर, चार्जर लावण्याआधी पाहावे. एखादे अ‍ॅप पार्श्वभूमीत चालू असल्यास त्याचे नाव तेथे वरच दिसेल. यादीत मोबाइल नेटवर्क सर्वांत वर असेल, तर घरातला सिग्नल तपासावा. जाड भिंतींच्या माळवदी घरात फोन आतल्या कोनाड्यात ठेवण्याऐवजी ओसरीवरच्या खिडकीत ठेवला, तर सिग्नलसाठीची त्याची धडपड कमी होते.